लेकीचं पहिलं घर आणि ओहायोची ‘ग्रँट्स फॉर ग्रॅड्स’ योजना: आमचा अनुभव

माझ्या लेकीनं, सईनं, २०२५च्या मे महिन्यात नर्सिंगची पदवी घेतली आणि वर्ष संपायच्या आत कोलंबसजवळ हिलियर्डमध्ये दोन बेडरूमचा काँडो घेतला. कर्ज तिच्या एकटीच्या नावावर, तिच्या एकटीच्या पगारावर. आम्ही आईबाबा सहकर्जदार नाही. हे जमलं ते ओहायो हाउसिंग फायनान्स एजन्सीच्या ‘ग्रँट्स फॉर ग्रॅड्स’ या योजनेमुळे, आणि आमच्या भागातल्या एका क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या पतसंस्थेत) ती योजना हाताळणाऱ्या लोन ऑफिसर बाईंमुळे. हा अभिप्राय त्या दोघांबद्दल आहे.

आपल्या मराठी मंडळींची बरीच मुलं आता कॉलेजातून बाहेर पडतायत. त्यांच्या घरी गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "दोन वर्षं नोकरी होऊ दे, मग बघू कर्जाचं." हे वाक्य अर्धवट खरं आहे, आणि त्या अर्धवटपणापायी मुलं दोन वर्षं भाडं भरत बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी एका डेंटल क्लिनिकचे हिशेब बघते, तेव्हा आकडेही येतील.

आधी योजनेबद्दल. एजन्सी राज्याची आहे, पण ती स्वतः कर्ज देत नाही. तिच्या यादीतल्या बँका, क्रेडिट युनियन आणि कर्ज कंपन्यांमार्फत कर्ज मिळतं. ज्यांनी गेल्या ४८ महिन्यांत असोसिएट, बॅचलर, मास्टर किंवा त्यापुढची पदवी घेतली आहे त्यांच्यासाठी ही योजना आहे. घराच्या किमतीच्या अडीच किंवा पाच टक्के रक्कम डाउन पेमेंट (सुरुवातीला भरायची रक्कम) आणि क्लोजिंगच्या (खरेदीच्या अंतिम सह्यांच्या) खर्चाला मिळते. पाच वर्षं ओहायोत राहिलं की ती माफ होते. पाच वर्षांच्या आत घर विकून राज्य सोडलं तर ती रक्कम, पूर्ण किंवा काही अंशी, परत करावी लागते. त्याशिवाय नेहमीच्या अटी आहेतच: क्रेडिट स्कोअर, काउंटीनुसार उत्पन्नाची आणि घराच्या किमतीची मर्यादा, आणि घर घेण्याआधीचं मोफत प्रशिक्षण. सईचं घर २,३०,००० डॉलरचं. म्हणजे अडीच टक्क्यांनी ५,७५० आणि पाच टक्क्यांनी ११,५०० डॉलर. तीन टक्के डाउन पेमेंट होतं ६,९००. तेवीस वर्षांच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीसाठी ही मदत फार मोठी आहे.

पण योजना कागदावर असून भागत नाही. ती कुणाच्या हातात पडते यावर सगळं ठरतं.

सईनं सगळ्यात आधी फोन केला तो एका मोठ्या बँकेला, कारण तिचं खातं लहानपणापासून तिथं. पलीकडच्या माणसानं तिची पदवीची तारीख विचारली, नोकरी कधी सुरू होणार ते विचारलं आणि सांगून टाकलं की दोन वर्षं पूर्ण झाल्यावर या. त्यानं ना पगार विचारला, ना क्रेडिट स्कोअर. पोरगी फोन ठेवून इतकी खट्टू झाली की तिनं अपार्टमेंटच्या जाहिराती उघडल्या.

नियम काय आहे ते मी नंतर वाचलं. फॅनी मे ही सावकारांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था. तिच्या नियमपुस्तकात दोन वर्षांच्या कामाचा इतिहास ही शिफारस आहे, आणि त्याहून कमी काळ असेल तर अर्जदाराच्या बाकीच्या जमेच्या बाजू बघून तो मान्य करता येतो. एफएचएच्या (घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) हँडबुकात तर स्पष्टच आहे की त्या दोन वर्षांत माणूस शिकत असेल तर ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) लावून ते शिक्षण इतिहासात धरता येतं. म्हणजे सई चार वर्षं नर्सिंग शिकली आणि नर्स म्हणून लागली, हाच तिचा इतिहास. फोनवरच्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. रोज शेकडो मुलांना असं परत पाठवलं जात असेल, याचा मला खरोखर राग येतो.

मग तिनं एका ऑनलाइन कंपनीत अर्ज केला. तिथं उलटं झालं. पंधरा-वीस प्रश्न आणि लगेच प्री-अप्रूव्हलचं (एवढं कर्ज मिळेल अशा आगाऊ मंजुरीचं) पत्र. सई आनंदात, तिचे बाबा आनंदात. मी ते पत्र घेऊन बसले आणि उत्पन्नाचा आकडा बघितला: महिना ५,८९३ डॉलर. हा आकडा आला कुठून? सईचा पगार तासाला ३४ डॉलर. चाळीस तासांचा आठवडा धरला तर वर्षाला ७०,७२०, महिन्याला ५,८९३. पण नर्सेस आठवड्यात बारा तासांच्या तीन पाळ्या करतात. तिच्या ऑफर लेटरमध्ये ०.९ एफटीई (पूर्णवेळेच्या नऊ दशांश) असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे आठवड्याला ३६ तास, वर्षाला ६३,६४८ आणि महिन्याला ५,३०४. जवळजवळ सहाशे डॉलरचा फरक! त्या पत्राच्या भरवशावर घराला ऑफर दिली असती, अर्नेस्ट मनी (विसार) भरले असते, आणि पुढं पे स्टब (पगाराच्या पावत्या) मागितल्यावर सगळं कोसळलं असतं. ज्यांची मुलं हॉस्पिटलात लागली आहेत त्यांनी ही एक ओळ तपासल्याशिवाय कुठल्याही पत्रावर विसंबू नये. रात्रपाळीचा वरचा भत्ता, ओव्हरटाइम यांचंही तसंच. ते पैसे हातात येतात, पण नव्या माणसाच्या बाबतीत कर्जाच्या हिशेबात सहसा धरत नाहीत, कारण त्यांना मागचा इतिहास लागतो.

सईनं छत्तीस तास कळवले. मग त्याच कंपनीनं तिचं शिक्षणकर्ज मोजलं आणि नकार दिला. ते कसं घडलं ते पुढं सांगते, कारण खरी मेख तिथंच आहे.

क्रेडिट युनियनमधल्या बाई भेटल्या त्या सईच्या एका सीनियर मैत्रिणीमुळे. पहिल्या भेटीत मी बरोबर होते, पण त्या बोलल्या सईशी. मला हे फार आवडलं. मी मध्ये काही विचारलं तर उत्तर सईकडे बघून देत होत्या, कारण सही तिची होणार होती. त्यांनी ऑफर लेटर हातात घेतलं आणि पेन्सिलनं तीन ठिकाणी खूण केली. तासांचा आकडा. रुजू होण्याची तारीख. आणि तळाशी बारीक अक्षरातलं एक वाक्य, की ही नियुक्ती परवाना परीक्षा उत्तीर्ण होण्यावर अवलंबून आहे. त्या म्हणाल्या, "पत्रात अट शिल्लक आहे तोवर हा पगार माझ्यासाठी पगार नाही. एनसीलेक्स पास झालीस की बोर्डाच्या साइटवरचा परवान्याचा पुरावा मला पाठव, त्या दिवशी आपण पुढं जाऊ." सई जूनमध्ये परीक्षेला बसली, पास झाली, ओहायो बोर्ड ऑफ नर्सिंगच्या साइटवर तिचं नाव आलं आणि तिनं त्याच संध्याकाळी ते पान त्यांना पाठवलं.

ज्यांची मुलं नोकरी सुरू व्हायच्या आधीच घर बघतायत त्यांच्यासाठी इथं एक माहिती. नुसत्या ऑफर लेटरवरही कर्ज होऊ शकतं. फॅनी मेच्या नियमात कर्जाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत नोकरी सुरू व्हायला हवी, एफएचएमध्ये क्लोजिंगपासून ६० दिवसांच्या आत. मात्र मधल्या महिन्यांत हप्ता कुठून भरणार ते शिल्लक पैशांतून दाखवावं लागतं. बाईंनी सईला घाई करू दिली नाही. नोकरी ऑगस्टमध्ये सुरू झाली, पे स्टब हातात आले, मग घराचा करार. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. नवी नोकरी, नवं गाव, नवं घर हे एकाच महिन्यात अंगावर घेऊ नये.

आता शिक्षणकर्ज. सईच्या डोक्यावर २७,००० डॉलरचं फेडरल कर्ज आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला चार वर्षांत स्वतःच्या नावावर एवढंच मिळतं: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढं दोनदा ७,५००. पदवीनंतर सहा महिने हप्ता नसतो. म्हणून क्रेडिट रिपोर्टवर तिच्या कर्जापुढं महिन्याचा हप्ता शून्य दिसत होता. मुलांना वाटतं शून्य म्हणजे शून्य. सावकाराला तसं चालत नाही, त्याला काहीतरी आकडा धरावाच लागतो. आणि हा आकडा कुठल्या पुस्तकातून घ्यायचा त्यावर निकाल फिरतो.

हप्ता पुढं ढकललेला असेल तर फॅनी मेच्या नियमानं शिल्लक कर्जाचा एक टक्का, किंवा पूर्ण फेडीच्या हिशेबानं निघणारा हप्ता धरतात. एक टक्का म्हणजे २७० डॉलर. फ्रेडी मॅक ही फॅनी मेसारखीच दुसरी संस्था, तिच्या नियमानं अर्धा टक्का, म्हणजे १३५. एफएचएही २०२१ पासून अर्धाच टक्का धरते, त्याआधी तिथंही एक टक्का होता. एकाच अंगाचं माप दोन शिंप्यांनी वेगवेगळं घ्यावं तसं हे.

घराचा महिन्याचा खर्च असा होता. ६.५ टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता १,४१०. प्रॉपर्टी टॅक्स ३८०. काँडो असोसिएशनची फी २२०. विमा ४०. आणि डाउन पेमेंट २० टक्क्यांहून कमी असल्यामुळे मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज बुडालं तर सावकाराला भरपाई देणारा विमा) ८०. एकूण २,१३०. त्यात शिक्षणकर्जाचे २७० मिळवले तर २,४००, म्हणजे ५,३०४च्या ४५ टक्क्यांहून किंचित वर. १३५ मिळवले तर २,२६५, म्हणजे ४३ टक्क्यांच्या आत. महिन्याचे सगळे हप्ते मिळून पगाराच्या किती टक्क्यांपर्यंत चालतील याची, ज्या कंपनीनं नकार दिला तिची मर्यादा ४५ होती. क्रेडिट युनियनचीही ४५च. मुलगी तीच, पगार तोच, घर तेच, आणि एकीकडे नाही, एकीकडे हो. ऑफिसर बाईंनी अर्ज फ्रेडी मॅकच्या नियमांतून नेला आणि विषय संपला. हे त्यांनी आम्हाला कागदावर उभे आकडे मांडून दाखवलं. दोन रकाने, खाली बेरीज. सईनं तो कागद जपून ठेवलाय.

कर्ज मान्य करणारं संगणकाचं गणित बऱ्याचदा ४५च्या वरही जाऊ देतं, हे मला माहीत आहे. तरी ४५च्या आत राहावं असंच मी सांगेन. हा आकडा कर कापण्याआधीच्या पगारावर काढलेला असतो. हातात येणाऱ्या पैशांतून बघितलं तर सईचा निम्म्याहून जास्त पगार घराला जातो. सहा महिन्यांची सवलत संपल्यावर शिक्षणकर्जाचा खरा हप्ता सुरू होतो, आणि नेहमीच्या दहा वर्षांच्या फेडीनं तो १३५हून बराच जास्त असतो. म्हणून सईनं घर बघतानाच खऱ्या हप्त्याचा हिशेब वेगळा लिहून ठेवला होता. कर्ज मंजूर होतंय एवढ्यावर तिनं घर घेतलं नाही. दुसरी बेडरूम तिनं हॉस्पिटलातल्याच एका मैत्रिणीला भाड्यानं दिली आहे, ते भाडं कर्जाच्या हिशेबात कुठंच धरलेलं नाही.

क्रेडिट स्कोअरबद्दल थोडक्यात. क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांचे स्कोअर काढतात आणि मधला धरतात. सईचा मधला ७२८ आला. अठरा वर्षांची झाल्यावर आम्ही तिला आमच्या एका जुन्या कार्डावर अधिकृत वापरकर्ती म्हणून घेतलं होतं, आणि एक विद्यार्थी कार्ड तिनं स्वतः काढून दर महिन्याला पूर्ण फेडलं. यापलीकडे काही केलेलं नाही. दोन-तीन ठिकाणी विचारणा केली तर स्कोअर पडेल अशी भीती मुलांना असते. घरकर्जासाठी ४५ दिवसांच्या आत कितीही सावकारांनी तपासलं तरी ती एकच चौकशी धरली जाते. तेव्हा बिनधास्त विचारा.

तिच्या बाबांचं म्हणणं होतं की आपण सहकर्जदार म्हणून सही करू, म्हणजे झंझटच नको. बापाचं मन आहे, मी समजू शकते. बाईंनी शांतपणे विचारलं की तुमच्या स्वतःच्या घराचं कर्ज किती उरलंय आणि गाडीचं किती. आम्ही सही केली असती तर आमचा पगार तिच्या हिशेबात आला असता तसे आमचे हप्तेही आले असते. शिवाय उद्या धाकट्याच्या कॉलेजासाठी आम्ही कर्ज काढायला गेलो की सईचं कर्ज आमच्या नावापुढं दिसलं असतं. सई म्हणाली, "बाबा, मला जमतंय तर मला करू द्या ना." ते गप्प बसले. मी तिच्या बाजूनं होते आणि आहे. मुलीचं पहिलं घर तिच्या एकटीच्या नावावर असावं, विशेषतः मुलीचं. उद्या कुणी विचारायला येऊ नये की यात तुझं किती.

पैशांची मदत मात्र केली, आणि ती सईच्या आजीनं. नातीच्या घरासाठी आजीनं भारतातून ४,००० डॉलर पाठवले. तिकडे बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरावा लागला, तो माझ्या भावानं भरून घेतला. इकडे खात्यात रक्कम आल्यावर सावकार विचारणारच: महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी एकरकमी जमा दिसली की ती कुठून आली ते दाखवावं लागतं. त्यासाठी गिफ्ट लेटर. देणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, नातं, रक्कम, तारीख आणि परतफेडीची अपेक्षा नाही असं एक वाक्य. ते मी आजीला फोनवर मराठीत करून सांगितलं. आजी म्हणाली, "नातीला दिलेले पैसे परत कोण मागतं गं? हे लिहून द्यावं लागतं तुमच्याकडे?" सही करून तिनं फोटो पाठवला, पण बाईंना स्वच्छ स्कॅन हवा होता, तो पुन्हा मागवला. भारतातून पैसे येणार असतील तर ते घर शोधायच्या आधीच इकडच्या खात्यात आणून ठेवा. क्लोजिंगच्या तोंडावर हे कागद जमवणं फार त्रासाचं होतं.

प्रशिक्षणाबद्दल मला आधी वाटलं होतं की हा नुसता सोपस्कार असेल. सईला मात्र त्याचा उपयोग झाला. महिन्याचं बजेट लिहून द्यायचं होतं, आणि समुपदेशकाशी फोनवर बोलताना त्यांनी तिला विचारलं की पाणी तापवायचा हीटर गेला तर पैसे कुठून काढशील. तेव्हापासून ती दर पगाराला वेगळ्या खात्यात शंभर डॉलर टाकते. हा सोपस्कार प्रत्येक नव्या घरमालकाला लावावा असं मी म्हणेन.

अर्ज दिल्यावर कामाच्या तीन दिवसांत लोन एस्टिमेट (कर्जाच्या खर्चाचा अंदाज) हातात पडतं, हा कायदाच आहे. तीन पानी कागद असतो. दुसऱ्या पानावर ए, बी, सी असे भाग असतात. ए म्हणजे सावकाराची स्वतःची फी, बी म्हणजे ज्या सेवा त्यानं निवडायच्या, सी म्हणजे ज्या तुम्ही बाहेर शोधू शकता. बाईंनी सईला सी भागावर बोट ठेवून सांगितलं की टायटल कंपनीचे (घराची मालकी तपासणाऱ्या कंपनीचे) भाव दोन-तीन ठिकाणी विचार. तिनं विचारले आणि चांगली बचत झाली. स्वतःच्या कमाईशी संबंध नसलेल्या गोष्टीतही ग्राहकाचे पैसे वाचवणारी बाई आजकाल विरळ. अडीच आणि पाच टक्क्यांचे पर्यायही त्यांनी शेजारी मांडले. आम्हाला दाखवलेल्या आकड्यांत अडीचचा व्याजदर थोडा कमी होता. आजीचे पैसे आणि सईची स्वतःची शिल्लक होतीच, म्हणून तिनं अडीच घेतले. ज्याच्याकडे शिल्लकच नाही त्याला पाचचा पर्याय घ्यावा लागेल, आणि तेही ठीक आहे, पण तीस वर्षांचा हप्ता बघून ठरवावं.

ओहायोत आणखी एक गोष्ट खरेदीदाराच्या पथ्यावर पडते. इथं प्रॉपर्टी टॅक्स मागाहून भरतात. म्हणजे विकणारा राहिला त्या महिन्यांचा टॅक्स अजून भरलेला नसतो, आणि क्लोजिंगला त्याच्याकडून ती रक्कम खरेदीदाराच्या बाजूला जमा होते. सईच्या कागदावर ते साधारण चार हजार डॉलर होते. पण ते बक्षीस नव्हे, पुढचं बिल आलं की त्यातूनच भरायचंय.

क्लोजिंगच्या आधी कामाचे तीन दिवस क्लोजिंग डिस्क्लोजर (अंतिम खर्चाचा कागद) येतं, पाच पानांचं. सईनं ते लोन एस्टिमेटच्या शेजारी ठेवून ओळीओळीनं ताडून बघितलं. मधल्या काळात बाईंची एकच ताकीद होती: नवी गाडी नाही, नवं कार्ड नाही, दुकानात हप्त्यावर सोफा नाही, आणि नोकरीत बदल नाही. शेवटच्या काही दिवसांत ते हॉस्पिटलला फोन करून नोकरी चालू आहे ना ते पुन्हा विचारतात. सईला नेमकी त्याच आठवड्यात दुसऱ्या युनिटची जागा खुणावत होती. तिनं बाईंना विचारलं, त्यांनी थांब म्हटलं, ती थांबली.

आता योजनेत मला न पटलेलं. पाच वर्षांची अट बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांसाठी जड आहे. या वयात नोकरी बदलते, लग्न ठरतं, पुढं शिकायला दुसऱ्या राज्यात जावंसं वाटतं. राज्याचा हेतू मला कळतो, शिकलेली मुलं ओहायोत राहावीत म्हणून तर हे पैसे आहेत. पण तीन वर्षांची अट असती तर मी आणखी जोरात शिफारस केली असती. ज्या मुलाला शिकागो किंवा टेक्सासची स्वप्नं पडतायत त्यानं या पैशांच्या मोहात पडू नये. दुसरं, योजनेतल्या कर्जाला कागद जास्त लागतात. सावकाराची तपासणी वेगळी, योजनेच्या अटींची वेगळी, आणि काँडो असेल तर असोसिएशनचं बजेट आणि प्रश्नावली आणखी वेगळी. विकणाऱ्याला घाई असेल तर तो रोख देणाऱ्याकडे वळतो. सईच्या हातून एक घर असंच गेलं, छान अंगण होतं त्याला, मला अजून वाईट वाटतं. तिसरं, यादीतला प्रत्येक सावकार ही योजना सारख्याच मनापासून हाताळतो असं धरून चालू नका. "गेल्या वर्षभरात अशी किती कर्जं केलीत?" हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा.

एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ओपीटीवर (पदवीनंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) असलेल्या आपल्या मुलांसाठी एक सूचना. सई इथली नागरिक आहे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पण २५ मे २०२५ पासून एफएचएचं कर्ज कायम रहिवासी नसलेल्यांना बंद झालंय. फॅनी मे आणि फ्रेडी मॅकच्या नियमांत कायदेशीर वास्तव्य असलेल्यांना दार उघडं आहे, मात्र सावकार आपापल्या अटी वर घालतात. जुन्या माहितीवर एफएचएच्या भरवशानं घर बघत फिरू नका.

ऑफिसर बाईंना मी पाचपैकी पाच देते. फोन उचलतात, न उचलल्यास त्याच दिवशी उलट फोन येतो, आणि माहीत नसलेलं विचारून सांगतात. योजनेला साडेचार, तो अर्धा गुण पाच वर्षांच्या अटीपायी कापला.

सईचा मॉर्गेज इन्शुरन्स अजून चालू आहे. मुद्दल मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की आपण मागणी करून तो काढता येतो, आणि ठरलेल्या वेळापत्रकानं ७८ टक्क्यांवर आलं की सावकारानं स्वतःहून काढायचा असतो. ती तारीख तिनं आत्ताच कॅलेंडरवर टाकली आहे. तुमच्या काउंटीची उत्पन्नाची आणि किमतीची मर्यादा एजन्सीच्या साइटवर बघा, कारण ती बदलत राहते. बाईंचं नाव इथं जाहीर टाकत नाही. कोलंबसच्या आसपास राहणाऱ्यांनी मला खासगीत निरोप टाकला तर नाव आणि आमच्या कागदांची यादी, दोन्ही पाठवीन.